ऑझिमँडिअस नीट वाचायची असेल तर : चौदा ओळी, एक पेन्सिल आणि तीन-चार संध्याकाळी

एफवायबीएला असताना शेलीची ‘ऑझिमँडिअस’ ही इंग्रजी कविता पहिल्यांदा समोर आली तेव्हा मी पुस्तकाच्या समासात ‘ट्रंकलेस’ शब्दाच्या बाजूला पेन्सिलने ‘पेटी नसलेले’ असं लिहून ठेवलं होतं. हसू नका, आमच्या घरी ट्रंक म्हणजे आजीची ती लोखंडी पेटी, माळ्यावरची, त्यामुळे दोन प्रचंड दगडी पाय वाळवंटात उभे आहेत आणि त्यांच्याकडे सामान नाही असं काहीतरी चित्र माझ्या डोक्यात महिनाभर होतं. ट्रंक म्हणजे धड, म्हणजे पाय आहेत पण वरचं धड गायब, हे कळायला कुणीतरी सांगावं लागलं. परीक्षेत मात्र काही अडलं नाही. गाइडमध्ये तयार उत्तर होतं, गर्विष्ठ राजा, काळापुढे सगळे समान, सत्ता नश्वर वगैरे, ते उतरवलं आणि बऱ्यापैकी मार्क पडले.

कविता मी वाचलीच नव्हती हे लक्षात आलं कित्येक वर्षांनी. भाची इंग्लंडला असते, तिला जीसीएसईला (तिकडची आपल्या दहावीसारखी परीक्षा) हीच कविता आहे. त्यांच्याकडे सत्ता आणि संघर्ष या विषयावरच्या पंधरा कवितांचा एक गट असतो, परीक्षेत एक कविता छापून देतात आणि दुसरी तुम्ही आठवणीतून घेऊन तुलना करायची. तिने व्हिडिओ कॉलवर विचारलं, “मावशी, यातला हात कुणाचा आणि हृदय कुणाचं?” आणि मी गप्प. मग आम्ही दोघींनी चार संध्याकाळी बसून ती मुळापासून वाचली. तेव्हा जे जसं केलं तेच इथे क्रमाने लिहितेय. बीएवाल्यांना चालेल, नेट-सेटवाल्यांना चालेल, नुसतंच कविता वाचायची आहे त्यांना तर जास्तच चालेल.

ज्यांनी वाचलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पर्सी बिश शेली हा इंग्लिश रोमँटिक कवी, जन्म १७९२, १८२२ मध्ये इटलीच्या समुद्रात होडी बुडून गेला, तिशीसुद्धा गाठली नाही. ही कविता त्याने १८१७ च्या अखेरीस लिहिली आणि ११ जानेवारी १८१८ ला लंडनच्या ‘द एक्झामिनर’ या साप्ताहिकात छापून आली. कवितेतल्या ‘मी’ला एक प्रवासी भेटतो. तो सांगतो की वाळवंटात दगडाचे दोन पाय उभे आहेत, जवळच वाळूत अर्धा रुतलेला फुटका चेहरा पडलाय, चौथऱ्यावर लिहिलंय की मी ऑझिमँडिअस, राजांचा राजा, माझी कामं बघा आणि हाय खा, आणि आजूबाजूला वाळूशिवाय काही नाही. बस, एवढंच घडतं.

पहिली पायरी : कागदावर उतरवून काढा

मोबाइलवर वाचू नका. कविता नेटवर कुठेही मिळते, ती हाताने कोऱ्या कागदावर उतरवा, दोन ओळींमध्ये बोटभर जागा सोडून, आणि ओळींना १ ते १४ नंबर द्या. उतरवताना विरामचिन्हं जशीच्या तशी घ्या, कारण पुढे त्यांचंच काम आहे. आवृत्तीप्रमाणे स्वल्पविराम, डॅश थोडे इकडचे तिकडे असतात, तुम्ही एक प्रत धरा आणि तिच्याशीच राहा. आणि या टप्प्यावर सारांश, नोट्स, यूट्यूब काहीही उघडायचं नाही. एकदा का ‘गर्वाचं घर खाली’ हे डोक्यात बसलं की चौदाही ओळी तेच म्हणतायत असं वाटायला लागतं आणि मग डोळे दुसरं काही बघतच नाहीत. माझं तेच झालं होतं.

दुसरी : मोठ्याने वाचा, पण ओळ संपली म्हणून थांबू नका

आपल्याला शाळेत कविता ओळीच्या शेवटी थांबून म्हणायची सवय लागलेली असते, श्लोकासारखी. इथे तसं केलंत तर घोळ होतो. पूर्णविराम येईल तिथेच थांबायचं. असं वाचलंत की लक्षात येईल, अख्ख्या कवितेत वाक्यं जेमतेम चार. पहिलं तिसऱ्या ओळीच्या मध्यात संपतं, पाय वाळवंटात उभे आहेत इथपर्यंत. दुसरं मात्र तिथून सुरू होतं ते थेट अकराव्या ओळीच्या शेवटी, चेहरा, भुवया, ओठ, शिल्पकार, हात, हृदय, चौथरा, लेख, राजाची डरकाळी, सगळं एका दमात, मध्ये अर्धविराम आणि कोलन आहेत पण श्वास सोडता येत नाही. आणि मग तिसरं वाक्य. तीन शब्दांचं. ‘नथिंग बिसाइड रिमेन्स.’ पूर्णविराम.

भाचीला मी हे उभं राहून वाचायला लावलं. दुसरं वाक्य वाचता वाचता तिला दम लागला आणि त्या तीन शब्दांवर येऊन ती आपोआप थांबली, मी काही सांगितलं नव्हतं. हे तंत्र वगैरे शब्दांत समजावण्यापेक्षा एकदा फुप्फुसातून गेलेलं बरं. नऊ ओळी चढवत न्यायचं आणि तीन शब्दांत खाली टाकायचं. कागदावर त्या जागी पेन्सिलने आडवी रेघ मारून ठेवा.

तिसरी : कोण कुणाला सांगतंय ते मांडा

इथे मराठीचा फायदा आहे, तो घ्या. आपल्याकडे ‘म्हणे’ नावाचा एक भारी शब्द आहे. “तिथे म्हणे दोन पाय उभे आहेत.” म्हणजे मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, खरं-खोटं सांगणाऱ्यावर. इंग्रजीत असा सुटसुटीत शब्द नाही, पण शेलीने तेच काम कवितेच्या रचनेतून करून घेतलंय. कवितेतला ‘मी’ फक्त पहिल्या ओळीत आहे आणि लगेच बाजूला होतो, पुढचं सगळं त्या प्रवाशाच्या तोंडचं. ‘मी’ने वाळवंट पाहिलेलं नाही. प्रवाशाने राजाला पाहिलेलं नाही, त्याने पाहिला तो शिल्पकाराने कोरलेला चेहरा. राजा स्वतः बोलतो फक्त दोन ओळी, दहावी आणि अकरावी, तेही दगडावर कोरलेल्या.

कागदाच्या बाजूला खालून वर अशी उतरंड काढा : तळाला राजा, त्यावर शिल्पकार, त्यावर प्रवासी, त्यावर ‘मी’, सगळ्यात वर तुम्ही. म्हणजे राजांचा राजा आपल्यापर्यंत येतोय तो सांगोवांगी, पाचव्या हाताने. ज्या माणसाच्या एका शब्दावर माणसं मरत असतील त्याची दोन वाक्यं आता एका अनोळखी प्रवाशाच्या मर्जीवर. त्याला आठवलं म्हणून त्याने सांगितलं. पहिल्या ओळीला बरेच जण नुसती प्रस्तावना समजून सोडून देतात, पण मला विचाराल तर राजाची जिरवायला सुरुवात तिथेच झालेली आहे, राजा यायच्या आधी.

‘अँटीक लँड’ मधलं अँटीक म्हणजे प्राचीन, इजिप्तच्या संदर्भात. जुन्या बाजारातल्या पितळी दिव्यांचा इथे संबंध नाही.

चौथी : सहा ते आठ ओळींचा अन्वय लावा (इथे एक संध्याकाळ जाऊ द्या)

कवितेची गाठ इथे आहे आणि गाइडवाले इथेच सुळकन निघून जातात. जुन्या मराठी किंवा संस्कृत कवितेला आपण शाळेत अन्वय लावायचो ना, कर्ता कोण, कर्म कोण, क्रियापद कुठलं, तसाच इथे लावायचा.

चौथ्या-पाचव्या ओळीत चेहऱ्याची तीन वैशिष्ट्यं येतात : आठी, मुडपलेला ओठ, आणि थंडपणे हुकूम सोडणाऱ्याची ती तुच्छ नजर, ‘स्नीअर ऑफ कोल्ड कमांड’. क ची आवृत्ती ऐका, दात-ओठ आवळल्याशिवाय म्हणताच येत नाही. मग सहावी ओळ म्हणते की हे सगळं पाहून कळतं, शिल्पकाराने त्या भावना नीट वाचल्या होत्या. ‘रेड’, वाचल्या. लक्षात घ्या, राजा शिल्पकाराकडून आपली मूर्ती करून घेत होता आणि शिल्पकार त्या वेळात राजाला वाचत होता.

आता सातवी-आठवी. भावना ‘सर्व्हाइव्ह’ करतात, आणि पुढे येतं हात आणि हृदय. माझी पहिली चूक अशी की मी ‘सर्व्हाइव्ह’ म्हणजे नुसतं टिकणं असं धरलं, मग ‘हात’ आणि ‘हृदय’ हे शब्द लोंबकळत राहिले, वाक्यात त्यांना जागाच मिळेना. इथे ते क्रियापद सकर्मक आहे. अमुक जण तमक्याच्या मागे उरला, त्या अर्थाने. आपण नाही का म्हणत, मुलगा गेला आणि म्हातारी मागे उरली. तर अन्वय असा :

कर्ता : त्या भावना.
क्रिया : मागे उरल्या.
कुणाच्या मागे : एक, ज्या हाताने त्यांची नक्कल केली त्याच्या. दोन, ज्या हृदयाने त्यांना पोसलं त्याच्या.

हात शिल्पकाराचा, हृदय राजाचं. दोघंही गेले, दगडावर उमटलेली ती आठी मात्र अजून तिथेच. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हे, आणि ते मला द्यायला अर्धं आयुष्य लागलं.

‘मॉक्ड’ या शब्दापाशी अजून एकदा थांबा. इंग्रजीच्या नोट्समध्ये यावर मोठाले परिच्छेद असतात की या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक हुबेहूब प्रतिकृती करणं आणि दुसरा टिंगल करणं. आपल्याला परिच्छेद कशाला हवा, ‘नक्कल’ म्हणा की दोन्ही आलं. कागदपत्राची नक्कल काढतात तीही नक्कल आणि वर्गात सरांची करतात तीही नक्कलच. शिल्पकाराने राजाची नक्कल केली. राजाला वाटलं हुबेहूब उतरलंय. उतरलं होतंच. आता विचार करा, तो चेहरा पाहून राजाने पसंतीची मान डोलावली असेल तेव्हा शिल्पकाराच्या मनात काय चाललं असेल. कवितेत हे कुठेही सांगितलेलं नाही पण तो एक शब्द तिथे बसलाय.

आणि म्हणूनच ‘सगळं नष्ट होतं’ हा सारांश मला आता अर्धवट वाटतो. सगळं नष्ट झालेलंच नाहीये. चेहरा उरलाय, लेख उरलाय, नाव तर इतकं उरलंय की आपण ते आत्ता वाचतोय. राजाला जे टिकवायचं होतं, ती कामं, ती गेली, आणि ज्याची त्याला पर्वा नव्हती ती एका नोकरमाणसाची कारागिरी राहिली, तीही राजाचा वाईट स्वभाव घेऊन.

पाचवी : राजाच्या दोन ओळी दोनदा वाचा

एकदा राजाच्या आवाजात, छाती काढून. ‘ये मायटी’ म्हणजे तो सामान्य प्रजेशी बोलतच नाहीये, तो इतर बलवानांना, म्हणजे पुढे होणाऱ्या राजांना सांगतोय : माझी कामं बघा आणि निराश व्हा, तुम्हाला हे जमायचं नाही. मग तीच ओळ प्रवाशाच्या आवाजात वाचा, पाठीमागे ओसाड वाळू आहे असं धरून. शब्द तेच. आता अर्थ असा की बलवानांनो, बघा आणि निराश व्हा, कारण तुमचंही हेच होणार. एकाही अक्षराला हात न लावता धमकीचा इशारा झाला. आयरनी म्हणजे काय असं कुणी विचारलं तर व्याख्या सांगत बसू नका, ही ओळ दाखवा.

सहावी : आता साचा बघा, पण जास्त वेळ नको

सॉनेट म्हणजे सुनीत, चौदा ओळी. इटालियन प्रकारात आठ आणि सहा असे दोन भाग पडतात, शेक्सपिअरच्या प्रकारात चार-चार-चार आणि शेवटी दोन ओळींचं यमक. शेलीने दोन्ही मोडलेत. ओळींच्या शेवटी यमकाची अक्षरं लिहा, क्रम असा येतो : अ ब अ ब अ क ड क इ ड इ फ इ फ. एक साखळी पुढच्या साखळीत अडकवलेली. आठव्या ओळीपाशी जो सांधा असायला हवा तिथे सातव्या ओळीतलं ‘थिंग्ज’ दहाव्यातल्या ‘किंग्ज’ला जाऊन भिडतं. निर्जीव वस्तू आणि राजे, यमकात. हे मुद्दाम की आपोआप ते मला माहीत नाही, पण उत्तरात लिहा, मी परीक्षक असते तर एक मार्क जास्त दिला असता.

काही यमकं पूर्ण जुळतही नाहीत, ‘स्टोन’ आणि ‘फ्राउन’ म्हणून बघा. फुटक्या पुतळ्याच्या कवितेत फुटकी यमकं असं लिहायचा मोह सगळ्यांना होतो. लिहा, पण ‘असं वाटतं’ म्हणून लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं हे की शेवटी दोन ओळींचं ठसकेबाज यमक नाही. तिथे कवी सहसा निकाल देतो. शेलीने निकाल दिला नाही, वाळू पसरत ठेवली.

वृत्तासाठी सोपी युक्ती. आपलं पंचचामर म्हणजे शिवतांडव स्तोत्राचं वृत्त, ‘लगा’, म्हणजे एक लघु मग एक गुरू, असे आठ वेळा. त्यातले तीन कमी करा, पाच लगा राहिले, की साधारण इंग्रजी आयँबिक पेंटामीटरची चाल सापडते. फरक इतकाच की आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ मोजतात आणि इंग्रजीत आघात. टेबलावर बोटाने ठेका धरून दहावी ओळ म्हणा, पाच ठोके पडतात, ऑझिमँडिअसचं ‘डिअस’ जरा दाबून एका अक्षरात म्हणावं लागतं इतकंच. मग ‘नथिंग बिसाइड रिमेन्स’ म्हणून बघा, पहिल्याच अक्षरावर आघात, ठेका उलटा पडतो. शेवटच्या दोन ओळींत ‘बाउंडलेस अँड बेअर’, ‘लोन अँड लेव्हल’, ‘सँड्स स्ट्रेच’, जोडीजोडीने तीच अक्षरं, सपाट, एकसुरी, वाळूसारखी. एवढं पुरे. वृत्तावर दोन पानं लिहिणाऱ्याने कविता वाचलेली असतेच असं नाही.

सातवी : इतिहास, आणि एक गैरसमज

हे मुद्दाम इतक्या उशिरा ठेवलंय. आधी इतिहास वाचला की कविता माहितीपत्रक होते.

ऑझिमँडिअस म्हणजे इजिप्तचा फॅरो दुसरा रामसेस, इसवी सन पूर्व १२७९ ते १२१३, सुमारे ६६ वर्षं गादीवर. उसरमाअतरे हे त्याचं राज्याभिषेकाचं नाव, त्याचा ग्रीक जिभेवर झालेला अपभ्रंश म्हणजे ऑझिमँडिअस. बघा, स्वतःचं नावसुद्धा त्याला परक्यांच्या उच्चारात मिळालं.

चौथऱ्यावरचा लेख शेलीने हवेतून आणलेला नाही. इसवी सन पूर्व पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस सिक्युलस याने तो नोंदवलाय, त्याचा आशय असा : मी राजांचा राजा ओसिमँडिअस, मी केवढा थोर आणि कुठे विसावलो हे कुणाला जाणून घ्यायचं असेल तर त्याने माझ्या एखाद्या कामावर मात करून दाखवावी. आता हे शेलीच्या ओळींशेजारी ठेवा. मूळ लेखात आव्हान आहे, या, करून दाखवा. शेलीने ते काढून ‘निराश व्हा’ घातलं. मूळ वाक्य ठेवलं असतं तर पाचव्या पायरीतला तो दुहेरी अर्थ निघालाच नसता. कवी नेमका कुठे कामाला लागला हे बघायचं असेल तर अशी जागा शोधायची.

आता गैरसमज. शेलीने ब्रिटिश म्युझियममध्ये रामसेसचा पुतळा पाहिला आणि कविता सुचली, असं सर्रास लिहिलेलं सापडतं. तो पुतळा, ‘यंगर मेम्नॉन’ म्हणतात त्याला, सव्वासात टनांच्या आसपास वजनाचा, थीब्जमधल्या (आजचं लक्सर) रामसेसच्या मंदिरातून जिओव्हानी बेल्झोनी या माणसाने १८१६ मध्ये ओढून काढला (हा बेल्झोनी आधी सर्कशीसारख्या खेळांत ताकदीचे प्रयोग करायचा, त्याच्यावर वेगळा लेख होईल). पण पुतळा लंडनला पोचला १८१८ मध्ये, कविता छापून झाल्यावर. येणार येणार अशी चर्चा होती, त्यातून विषय निघाला असेल, पण समोर उभं राहून पाहिलेला नव्हता. आणि फोटो बघा त्याचा, चेहरा शांत, ओठांवर हसू म्हणावं असं काहीतरी. ती आठी, तो मुडपलेला ओठ, सगळं शेलीचं.

तसंच ते अमर्याद वाळवंट. लक्सरला नाईलच्या पश्चिमेला ते मंदिर आजही आहे, खांब उभे आहेत, अजस्र पुतळ्याचे तुकडे पडलेत, आणि हिरवी शेतं अगदी जवळ आहेत. कवितेतलं ‘दुसरं काही उरलं नाही’ हे भूगोलाच्या पेपरात चूक ठरेल. शेलीला आजूबाजूचं साफ करून हवं होतं म्हणून त्याने केलं.

मग तो नक्की कुणावर बोलत होता? १८१८ चं जग बघा. वॉटर्लूची लढाई होऊन अडीच वर्षं झाली होती, ती हरलेला नेपोलियन सेंट हेलेना बेटावर बंदिवान होता, त्यानेच १७९८ मध्ये इजिप्तवर स्वारी केली होती. इंग्लंडच्या गादीवर वेडा झालेला म्हातारा तिसरा जॉर्ज, कारभार मुलाकडे. एक्झामिनरचा संपादक ली हंट याने त्याच मुलाविरुद्ध, म्हणजे प्रिन्स रीजंटविरुद्ध लिहिलं म्हणून दोन वर्षं तुरुंग भोगलेला. शेली स्वतः १८११ मध्ये नास्तिकतेच्या पत्रकापायी ऑक्सफर्डमधून काढला गेलेला. अशा माणसाने अशा साप्ताहिकात, तेही ग्लिरास्टीस या टोपणनावाने, इजिप्तच्या राजावर चौदा ओळी लिहिल्या तर वाचणाऱ्याला कळत होतं. लेकी बोले सुने लागे. पण उत्तरात ‘ही कविता नेपोलियनवर आहे’ असं ठोकून देऊ नका, कवितेत त्याचं नाव नाही, संदर्भ म्हणून आणा.

आठवी : जोडीची कविता शेजारी ठेवा

ही पायरी चुकवू नका, सगळ्यात मजा इथे आहे. शेलीचा मित्र होरेस स्मिथ, शेअर बाजारात दलाली करणारा, त्याने आणि शेलीने एकाच विषयावर पैज लावल्यासारखं सुनीत लिहायचं ठरवलं. स्मिथचं १ फेब्रुवारी १८१८ ला त्याच साप्ताहिकात आलं. त्यात वाळवंटात एकच भला मोठा पाय उभा आहे, राजाची बढाई आहे, शहर नाहीसं झालंय, आणि मग स्मिथ कल्पना करतो की पुढे कधीतरी लंडनच्या जागी रान माजलं असेल, कुणी शिकारी लांडग्यामागे धावता धावता एखाद्या प्रचंड अवशेषापाशी थांबेल आणि इथे कोण राहत होतं असा विचार करेल.

कल्पना काही वाईट नाही, उलट धीटच आहे, शेलीने लंडनचं नाव घ्यायची हिंमत केलेली नाही. तरी स्मिथ विसरला गेला. का? दोन्ही समोर ठेवून स्वतः दहा वाक्यं लिहून काढा. माझ्या मते एक म्हणजे तो एकटा पाय, वाचताना थोडं हसूच येतं. दुसरं, तिथे शिल्पकार नाही, चेहरा नाही, माणूसच नाही. आणि तिसरं, स्मिथ लंडनपर्यंत बोट धरून नेऊन पोचवतो, शेली वाळूत सोडून देतो.

मराठीतही एक जोड आहे. केशवसुतांनी १८९२ मध्ये मराठीतलं पहिलं सुनीत लिहिलं, त्याला ते चतुर्दशक म्हणत, आणि त्याचा विषय काय तर मयूरासन आणि ताजमहाल. एकाच शहाजहानची दोन कामं, एक सिंहासन जे नादिरशहाने १७३९ च्या स्वारीत लुटून नेलं, दुसरी कबर जी जागेवर आहे. सुनीत मराठीत आलं ते राजाची कुठली वस्तू टिकते हाच प्रश्न घेऊन आलं, याचं मला अजून नवल वाटतं. जीसीएसईच्या उत्तरात हे उपयोगाचं नाही, तिथे भाचीने ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ घेतली, तिथेही मालकी गाजवणारा माणूस आणि त्याने करवून घेतलेली कलाकृती आहे, छान जुळतं. पण मराठी घेऊन एमए करणाऱ्यांनी केशवसुत काढून बघाच.

नववी : उत्तर लिहिताना

थोडक्यात सांगते. परिच्छेदाची सुरुवात कवितेतल्या एका शब्दापासून करा, कल्पनेपासून नको. वाईट वाक्य : ‘कवी सत्तेची क्षणभंगुरता प्रभावीपणे मांडतो.’ हे वाक्य शंभर कवितांखाली चालेल म्हणून ते कुठेच चालत नाही. बरं वाक्य : ‘नऊ ओळींच्या लांबलचक वाक्यानंतर तीन शब्दांचं वाक्य येतं, त्यामुळे राजाच्या बढाईला उत्तर कुणी देत नाही, नुसती शांतता पसरते.’ हे फक्त याच कवितेखाली बसतं. भाचीला एक चाळणी करून दिली होती : लिहिलेलं वाक्य दुसऱ्या कुठल्या कवितेला लागू पडतंय का? पडत असेल तर खोडायचं. पहिल्या दिवशी तिची निम्मी वही खोडली गेली, रुसली होती थोडी.

पाठ करायची असेल तर बसून नको, चालत करा. आणि उलट्या क्रमाने, शेवटचं वाक्य आधी, कारण परीक्षेत शेवटच्याच ओळी ऐन वेळी निसटतात.

दहावी : स्वतःच्या मराठीत आणा

छापायला नाही, कुणाला दाखवायलाही नाही. भाषांतर करायला बसलं की कळतं कुठला शब्द आपल्याला कळला नव्हता. ‘नक्कल’ मला असाच सापडला. ‘राजांचा राजा’ सोपं आहे. ‘डिस्पेअर’ला निराश व्हा म्हटलं तर पाणचट होतं, हाय खा म्हटलं तर जरा ठसका येतो. ‘लोन अँड लेव्हल सँड्स’ला मी ‘एकली, एकसपाट वाळू’ केलंय, दोन ए जुळले म्हणून स्वतःवर खूश होते दोन दिवस, मग भाचीने विचारलं एकली म्हणजे काय, तर तेही आहेच.

अडलंय ते तीन शब्दांवर. ‘बिसाइड’ म्हणजे ‘याखेरीज’ही आणि ‘शेजारी’ही. याखेरीज काही उरलं नाही, आणि शेजारी काही उरलं नाही, इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही ऐकू येतं. आईला फोनवर विचारलं, ती म्हणाली ‘बाकी काही नाही’ लिही. चांगलं आहे, तीनच शब्द आहेत, ठेकाही तुटतो, पण त्यात शेजार जातो. माझ्या वहीत बारावी ओळ सध्या दोनदा लिहिलेली आहे, एक आईची आणि एक ‘शेजारी काही उरलं नाही’ अशी, आणि कुठल्या एकीवर काट मारायची ते अजून ठरत नाहीये.